गोकुळदासाच्या घरात तीनच माणसं

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, “लिवा टीचर, आमच्या घरात तीनच माणसां!” तीन! अहो, तीन? तुम्हाला सांगतो, हे वाक्य गोकुळदासाच्या तोंडातून बाहेर पडलं, त्या क्षणी त्याच्या घराच्या मागच्या बाजूला कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, एक इकडून, एक तिकडून, एक मधूनच, जशी काही भजनाची जुगलबंदी लागलीय, कुणाचं तरी तान्हं टाहो फोडत होतं, कुणीतरी नळाखाली बादली आपटत होतं, आणि हा बाबा पुढच्या ओसरीवर मांडी घालून, देवळात बसल्यासारखा चेहरा करून... तीनच माणसां! मी, माझी बायल आणि माझो झील गौरेश. संपलो विषय!

नाही, पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. गोकुळदास कोण ते आधी कळायला हवं. गोव्यात हळर्णच्या अलीकडे नदीकडे उतरणारा रस्ता आहे ना, त्या उतारावर जो खालचा वाडा, म्हणजे वाडी, तिथलं पहिलं घर गोकुळदासाचं. सरकारी बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त. म्हणजे बसमधून निवृत्त, कंडक्टरकीतून नाही. अजून देवळात आरतीला गर्दी झाली की मागून ओरडतो, “फुडें चला, फुडें चला, मधी जागा आसा!” तर असा हा गोकुळदास, आणि त्याचं एक रडगाणं. सकाळी चहाच्या दुकानात तेच, संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर तेच. “वाड्यार माणूसच उरलो नाय!” कोण पणजीला गेला, कोण मुंबईला, कोण बोटीवर. ह्या घराला कुलूप, त्या घराला कुलूप, एका घराच्या तर कुलपालाही गंज चढून ते पडलं आणि दार तसंच बंद राहिलं, कारण उघडणार कोण? “गणपतीच्या चवथीक दिवे लागतत, मागीर काळोख. वाड्यार माणूसच उरलो नाय!”

ह्यात खोटं काही नाही. आणि दुखणं तेवढंच नव्हतं. वाड्यावरची मराठी प्राथमिक शाळा. गोकुळदास त्याच शाळेत शिकला, त्याचा बाप शिकला, गौरेशनेही तिथेच पाटी फोडली. आता त्या शाळेत मुलं किती, तर बाईंनी हजेरी घ्यायला तोंड उघडावं आणि मिटायच्या आत हजेरी संपावी इतकी. सरकारकडून कुणकुण आली की ही शाळा जूनपासून वरच्या गावच्या शाळेत मिळवणार. वरच्या गावची म्हणजे मधला मोठा रस्ता ओलांडून. त्या रस्त्यावरून विमानतळाकडे गाड्या जातात त्या कशा, विमान चुकेल म्हणून आधी स्वतःच उडाल्यासारख्या! तिथून सहा वर्षांचं पोर ओलांडणार? गोकुळदास पेटला. ‘शाळा बचाव समिती’ काढली. अध्यक्ष तो. सदस्य... तेही बहुतेक तोच. आणि भाषण एकच, तुम्ही ओळखलंच असेल. “मुलां खंयसून येतली? वाड्यार माणूसच उरलो नाय!”

आता गंमत ऐका. ह्याच गोकुळदासाच्या घरामागे, परसात, माडांच्या रांगेला लागून दुसरी एक रांग. खोल्यांची. विमानतळाचं काम निघालं, मग हॉटेलं निघाली, कामाला माणसं आली, कोल्हापूरकडची, बेळगावकडची, त्यांना राहायला जागा हवी, आणि ह्याच्याकडे जागा होती. बांधल्या खोल्या. पंचायतीला विचारून बांधल्या का? विचारणार होता. अजून विचारणारच आहे. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यावर द्यायची असते, दिली का? द्यायची होती. सोमवारी. कुठल्या सोमवारी ते नका विचारू! त्यामुळे त्या खोल्यांतल्या माणसांना त्याने एक नियम घालून दिलेला. फुडल्या बाजूक दिसूचा नाय. मोरी मागे, नळ मागे, वाट मागून, बागेतून. आणि पोरं? पोरांना शाळेत घालायचं म्हटलं तर शाळा पत्ता विचारणार, पत्त्याला कागद लागणार, कागदाला पंचायत लागणार, आणि पंचायत म्हणणार, कसल्या खोल्या, कुणाच्या खोल्या? “ह्या वर्षी नको रे अशोक, फुडल्या वर्षी बघूया.” अशोक म्हणजे पहिल्या खोलीतला गवंडी, चंदगडकडचा. असं फुडल्या वर्षी, फुडल्या वर्षी करत त्याची पोरगी सुप्रिया नऊ वर्षांची झाली.

म्हणजे बघा हं. ओसरीवर हा माणूस शाळेला मुलं नाहीत म्हणून ऊर बडवतो आणि परसात मुलं आहेत म्हणून त्यांना दडवतो. आणि ह्या दोन गोष्टींची गाठ त्याच्या डोक्यात पडलेलीच नव्हती! मधे घर होतं ना. ओसरीतला गोकुळदास वेगळा, परसातला वेगळा. बायको चंद्रावती मात्र दोन्हींच्या मधोमध, स्वयंपाकघरात. तिला दोघेही ऐकू यायचे.

अशात आली शिरगणती.

जनगणना हो! आणि आमच्या वाड्यावर मोजायला कोण, तर सुमंगला टीचर. त्याच शाळेच्या. मे महिन्याचं ऊन, काजूच्या बोंडांचा वास सगळीकडे कोंदलेला, आणि ही बाई डोक्यावर छत्री, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल घेऊन घराघरांतून. यंदा सगळं मोबाइलवर. आता आमच्या उतारावर मोबाइलला रेंज कुठे असते? एक विहिरीच्या कठड्यावर, दुसरी पिंपळाच्या पारावर. त्यामुळे माहिती घ्यायची घरात आणि पाठवायला धावायचं विहिरीवर. लोकांना वाटायला लागलं, बाईला काहीतरी झालंय, प्रत्येक घरातून बाहेर पडते आणि विहिरीत डोकावते!

तर गोकुळदासाच्या ओसरीवर टीचर बसली. सोप्यावर, म्हणजे ते दगडी बाक असतं ना, तिथे. पाणी आलं, गूळ आला. मग प्रश्न. नळ आहे? आहे. चूल कसली? गॅस. टीव्ही? आहे, पण दिसत नाय. आणि मग, “काका, घरात माणसं किती?” आणि मग ते ऐतिहासिक वाक्य... तीनच!

टीचरने मान वर केली. मागे कुकर. तिने चंद्रावतीकडे बघितलं. चंद्रावती देवभोळी बाई, खोटं बोलायचं नाही आणि नवऱ्याला तोंडावर पाडायचं नाही, काय करणार? म्हणते, “माका विचारू नकात, माझा दूध उतू जाता,” आणि आत पळाली. दूध सकाळीच तापवून झालेलं!

टीचरची नजर गेली दोरीवर. दोरीवर वाळत घातलेले फ्रॉक. लहान लहान, फुलाफुलांचे.

“काका, हे कुणाचे?”

गोकुळदास घाबरला की आवाज बारीक होतो त्याचा. “ते? ते... गौरेशाचे.”

“गौरेशचे?”

“ल्हानपणचे! आठवण म्हणान धुवन घालतो. वाळवी लागता नाय तर.”

“गौरेश फ्रॉक घालायचा, काका?”

आणि नेमका तो गौरेश, विमानतळावर नोकरीला, इस्त्रीचा गणवेश घालून दारात उभा! त्याने बापाकडे बघितलं, फ्रॉककडे बघितलं, टीचरकडे बघितलं. ही टीचर त्याला शाळेत एक वर्ष पुढे होती हो! तो मोटारसायकलला किक मारून गेला. हेल्मेट घरातच घालून गेला.

एवढ्यात पों पों... पोदेर! पाववाला, सायकलवर मागे मोठी टोपली. तो थांबला, आणि उंडे, म्हणजे गोल पाव, काढायला लागला, काढतोय, काढतोय, पिशवी भरली तरी काढतोय. गोकुळदास डोळ्यांनी खुणा करतोय, थांब, जा, नको, आणि पोदेर म्हणतो, “काका, डोळ्यात काय गेलं? आणि हो, मागच्या पोरांनी आज कडक मागितलेले, ते ह्या पिशवीत वेगळे घातलेत.”

तुम्हाला सांगतो, कुकरसुद्धा गप्प झाला!

दुसरी कुणी असती तर तिथंच उठून मागच्या बाजूला गेली असती. सुमंगला टीचर नाही गेली. छत्री उचलली, म्हणाली, “काका, आज रेंज नाही. मी उद्या परत येते.” आणि विहिरीकडे बघितलंही नाही!

ती गेली आणि चंद्रावती बाहेर आली. “तीन माणसां इतके पाव खातत? सांगा माका! लोक म्हणतले, चंद्रावती जेवण घालीना म्हणान घोव पाव खाता!” हा म्हणतो, “तू गप रव. उद्या बघतंय मी.” उद्या काय बघितलं? उद्या सकाळी उठून ह्याने काय केलं माहीत आहे? मोठी माणसं कामावर गेल्यावर मागच्या सगळ्या पोरांना गोळा केलं, हातात एकेक आंबा दिला आणि नेलं वर काजूच्या बागेत. “टीचर परत जायपर्यंत हंयच खेळा. आवाज नाय!” खुद्द कंडक्टर! आयुष्यभर भरल्या बसमध्ये आणखी माणूस कोंबत आला, थांब्यावरची म्हातारी राहिली तर शिट्टी मारून बस मागे घ्यायला लावायचा, असा हा माणूस, आणि आता पोरं उतरवून काजूत सोडून आला. त्याचं त्यालाच कसंतरी झालं असणार, कारण घरी येऊन चहा घेतला आणि साखर घालायला विसरला, आणि विसरला हेही पिऊन झाल्यावर कळलं.

टीचर येईना. ऊन चढलं. टीचरला शेजारच्या घरी वेळ लागला असेल, पण पोरं तहानली असतील म्हणून चंद्रावतीने कळशी दिली, आणि गोकुळदास कळशी घेऊन बागेत निघाला. आणि बांधाजवळ पोचतो तर आवाज. हा थबकला.

पोरं खेळत होती. काय खेळत होती? सुप्रिया दगडावर उभी, हातात काजूच्या झाडाची चपटी साल, म्हणजे मोबाइल. ती टीचर! समोर तिचा धाकटा भाऊ संतोष, पोट पुढे काढून, मांडी घालून, चेहरा देवळात बसल्यासारखा. तो कोण? तुम्हीच सांगा!

“घरात मान्सं किती?”

“तीनच!”

आणि ‘तीनच’ म्हटलं की बाकीच्या पोरांनी असतील तिथं मटकन खाली बसायचं, तोंडावर हात दाबायचा आणि श्वास धरायचा. ज्याचा श्वास आधी सुटेल तो बाद. सुप्रिया सालीवर बोट फिरवत फिरते, एकेकाच्या तोंडाजवळ कान नेते. पोरं लाल होताहेत, डोळे बाहेर येताहेत... गोकुळदासाला आधी हसू फुटलं. खरंच. संतोषने त्याचा आवाज काय काढला होता! अगदी तसाच, घाबरल्यावर बारीक होणारा. आणि मग त्यातलं सगळ्यात बारकं पोर, जेमतेम शाळेच्या वयाचं, चड्डी सावरत बसलेलं, त्याने तोंडावरचा हात काढून विचारलं, “ताई, मी हाय का न्हाई?”

सुप्रिया म्हणाली, “गप. तू न्हाईस.”

आणि त्याने शहाण्यासारखा परत हात तोंडावर ठेवला.

गोकुळदासाने कळशी खाली ठेवली. हसू कुठे गेलं कळलं नाही. आणि मान वर केली तर बांधाच्या पलीकडे, शेजारच्या घरातून बागेची जवळची वाट धरून आलेली, छत्री मिटून उभी सुमंगला टीचर. तिनेही सगळं बघितलेलं. दोघं एकमेकांकडे बघताहेत, मधे बांध, आणि पोरं श्वास धरून बसलीत.

“सोडा रे श्वास!” गोकुळदास ओरडला. “पाणी हाडलंय. सोडा!”

मग बांधावर बसूनच बोलणं झालं. ह्याने सगळं सांगून टाकलं, खोल्या, परवाना, पोलीस, सोमवार... टीचर म्हणाली, “काका, मी शाळेची टीचर म्हणून आलेली नाही. जनगणनेत जे सांगतात ते मी कुणाला सांगायचं नसतं. पंचायतीला नाही, पोलिसांना नाही. कायदा आहे तसा.”

“शाळेक पण नाय?”

“शाळेला पण नाही.”

“आणि शाळेची टीचर तूच?”

“मीच. पण हे मला माहीत नाही.”

गोकुळदासाने डोकं खाजवलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत असं सरकार त्याला भेटलंच नव्हतं!

संध्याकाळी कामावरून माणसं आल्यावर टीचर परत आली. ह्या वेळी मागच्या बाजूला. गोकुळदासाने स्वतः ओसरीवरची खुर्ची उचलून मागे नेऊन ठेवली. पहिली सोनाबाई, अशोकची बायको. डोक्यावरची सिमेंटची धूळ न झटकताच बसली. टीचरने विचारलं, “नाव?” आणि ती बाई लाजली हो! पदर सारखा केला. “सोनाबाई अशोक, लिवा. सोनाबाई. अवो बाई, इतकी वर्सं हितं हाय, नाव कुनी इचारलंच न्हाई. समदी आपली ‘गे बाय, हय ये, गे बाय, थय जा.’ माझं बी नाव मोबाईलात जानार?” जाणार म्हटल्यावर तिने सगळं सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं. माहेर सांगितलं, म्हशीचं नाव सांगितलं. गोकुळदास माडाला टेकून ऐकत होता. त्याला सोनाबाईचं नाव माहीत नव्हतं. परसात राहायची, आणि माहीत नव्हतं.

झाली मोजणी. टीचर विहिरीवर गेली, पाठवलं, संपलं. तुम्ही म्हणाल, झालं मग! कसलं झालं? मोजून घेणं वेगळं आणि शाळेत पाठवणं वेगळं. रात्र सरली तसा ह्याच्यातला ओसरीवरचा गोकुळदास परत जागा झाला. मोजणी गुपित आहे ना? मग खोल्याही गुपित. मिटलं.

आणि आली ग्रामसभा.

रविवार. पंचायतीचा हॉल, वरचे पंखे नुसते हवा दाखवतात, देत नाहीत. पुढे सरपंच शंभू, शेजारी शिक्षण खात्याकडचे एक साहेब आलेले, शांत, सभ्य माणूस. साहेब म्हणाले, “शाळा बंद करण्यात आम्हाला आनंद नाही. पण मुलं नसतील तर शाळा कुणासाठी चालवायची, तुम्हीच सांगा.” झालं! गोकुळदास उठला. बाह्या वर केल्या. “सरपंचानू, साहेबानू! ही शाळा आमच्या बापजाद्यांची! पण मुलां खंयसून हाडूची? वाड्यार माणूसच...”

आणि अडकला.

कारण समोर पहिल्या बाकावर सुमंगला टीचर बसलेली. ती काही म्हणाली का? नाही. खुणावलं? नाही. तिने फक्त ओठ घट्ट मिटून घेतलेले, आणि नजर मांडीवर. शाळा बंद झाली तर तिची बदली पार काणकोणच्या टोकाला होणार हे सगळ्यांना माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर शाळा वाचली असती. तिला पक्कं ठाऊक होतं मुलं कुठे आहेत. आणि ती श्वास धरल्यासारखी गप्प बसलेली. तिच्या मागे बायकांत चंद्रावती बसलेली, तिने नुसतं खाकरलं. आता लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर नुसत्या खाकरण्यात किती मजकूर असतो, हे ज्याचं त्याला माहीत!

“...माणूसच उरलो नाय,” गोकुळदास म्हणाला, “असा मी सांगत इलंय. खोटा सांगत इलंय. माझ्या घराफाटल्यान खोल्यो आसत. परवानो नाय. पोलिसांक सांगूक नाय. थंय सात पोरां आसत. शाळेच्या वयाची. ती ह्या जूनापासून शाळेची. माझा काय करूचा ता करा!” आणि खाली बसला. बसला तो खुर्चीच्या जरा बाजूलाच बसला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आधी हशा. मग परेश उठला, तरुण पोर, गरम डोक्याचं. “म्हणजे आमची शाळा आता भायल्या लोकांच्या पोरांनी भरायची? ही गोंयकारांची शाळा!” आणि टाळ्याही पडल्या हो, दोन-चार ठिकाणी. सोनाबाई आणि अशोक हॉलच्या दाराशी बाहेर उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

तेव्हा उठली चंद्रावती. आयुष्यात ग्रामसभेत बोलली नव्हती. “परेश, बाबा, माका सांग. मी खंयची?”

“काकी, तुम्ही आमच्याच...”

“मी दोडामार्गची. लगीन जावन इलंय तेव्हा म्हाराष्ट्रातल्यान इलंय. तुझी आवय खंयची? सावंतवाडीची! माका मोजलास मां? तुझे आवयक मोजलास मां? मगे त्या पोरांनी काय पाप केला? आमी लग्नाच्या वरातीतून इलंव, ती सिमीटाच्या ट्रकातून इली, इतकोच फरक!”

परेश खाली बसला. त्याची आई मागेच होती. तिने त्याच्या पाठीत हात घातला, आणि तो शाबासकीचा नव्हता.

आणि मग काय झालं! तुम्हाला सांगतो, मग जे सुरू झालं ते आवरेना. वरच्या आळीची यशोदा उठली. “माझ्या... मागल्या खोलयेत पण दोन पोरां आसत.” तिच्या मागून एक म्हातारा. “आमच्या माडयेर एक कुटुंब.” मग एक जण. मग आणखी एक. अख्खा वाडा! ज्याच्या त्याच्या परसात माणसं! ज्याला वाटत होतं आपण एकट्याने लपवलंय, त्याच्या कुंपणापलीकडचा पण लपवून बसलेला! साहेब सगळ्यांकडे बघताहेत. शेवटी सरपंच शंभूच्या कपाळावर घाम आला. लोक त्याच्याकडे बघायला लागले. तो कागद चाळतो, पाणी पितो, छताकडे बघतो... “तसां बघूक गेला तर,” तो म्हणाला, “माझ्या जुन्या गोठ्यात... पण तो आता गोठो नाय, चांगली फरशी घातलीय मी!”

साहेब पहिल्यांदाच हसले. म्हणाले, “मुलं शाळेत आणा. मुलं आली तर शाळा राहील. बाकीचं ज्या त्या खात्याकडे.”

आणि बाकीचं आलंच की ज्या त्या खात्याकडून. गोकुळदास गेला पोलीस ठाण्यावर, सोमवारीच गेला, सगळ्यांची नावं आता तोंडपाठ करून. शिपाई म्हणाला, “इतकी वर्षं कुठे होतात?” हा म्हणतो, “बशीत.” म्हणजे बसमध्ये! पंचायतीची नोटीस आली, त्याने उत्तर दिलं, त्या उत्तराला काय उत्तर द्यायचं ते पंचायत अजून शोधतेय, कारण सरपंचाच्या गोठ्याची फाइल त्याच गठ्ठ्यात आहे! पण जूनमध्ये शाळा उघडली. घंटा झाली. सुमंगला टीचरने हजेरी घ्यायला तोंड उघडलं ते बराच वेळ उघडंच होतं. सुप्रिया नऊ वर्षांची, पण बसली पहिल्या बाकावर, लहानांत, कारण तिला मुळापासून शिकायचं होतं. आणि त्या बारक्या पोराचं नाव घेतल्यावर ते इतक्या जोरात “हाय!” म्हणालं की बाहेर पिंपळावरचे कावळे उडाले.

आता तुम्ही म्हणाल, गोकुळदास सुखी झाला. सुखी? अहो, पोरांचे आईबाप उजाडायच्या आधी ट्रकमध्ये बसून कामावर जातात. मग पोरांना उठवायचं कुणी? आंघोळ, डबा, कुणी? चंद्रावतीने डबे घेतले. बाकीचं? “सभेत उठून सांगितलात तुमी, पोरां जूनापासून शाळेची म्हणान. आता तुमीच उठा!” दुपारची झोप गेली, पहाटेची गेली. आणि टीचरचा शाळेत नियम, मुलींच्या दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबन. परवा सकाळी घरच्या जुन्या लँडलाइनवर टीचरचा फोन आला, “काका, प्रार्थना सुरू झाली, मुली कुठे?” आणि आमचा गोकुळदास, सोप्यावर बसलेला, पुढे सुप्रिया, तिच्यामागे शेजारच्या खोलीतली रूपाली, रांग लागलेली, दातांत रिबन धरून फोनवर म्हणतो, “येतत, टीचर, येतत... एकीची झाली... दुसरेची अर्धी झाली... पण पयली परत येवन बसलीसा, म्हणता, भांग वाकडो पडलो, सगळी सोडा!”